खेळ, वय आणि सरकारी कात्री

चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर झळकणारे प्रमाणपत्र भारतीय प्रेक्षकाच्या चांगल्या परिचयाचे आहे. कोणता चित्रपट कोणी पाहावा, याचा निवाडा करणारी ही व्यवस्था अनेक दशके जुनी आहे. व्हिडिओ गेम हे माध्यम त्या मानाने नवे. ते घरोघरी पोहोचले तेव्हा बहुतेक देशांच्या सरकारांनी त्याकडे मुलांचे खेळणे म्हणूनच पाहिले. पुढे ती मुले मोठी झाली, नोकरीधंद्याला लागली आणि तरीही खेळत राहिली. खेळांचे विषयही त्यांच्याबरोबर प्रौढ झाले. कायद्यातील समजूत मात्र बराच काळ जागच्या जागी राहिली. या विसंगतीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलिया. या सधन, लोकशाही देशात चित्रपटांसाठी प्रौढांचे प्रमाणपत्र होते. परंतु १ जानेवारी २०१३ पर्यंत व्हिडिओ गेमसाठी ते नव्हते. परिणामी, ‘केवळ प्रौढांसाठी’ योग्य ठरणारा खेळ त्या देशात कायदेशीरपणे विकताच येत नसे.

वयोगट ठरविणे आणि बंदी घालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत पालकाला आणि ग्राहकाला माहिती मिळते, निर्णय त्याच्याकडेच राहतो. दुसरीत तो निर्णय सरकार स्वतःकडे घेते. व्यवहारात मात्र या दोहोंमधील सीमारेषा पुसट असते. वर्गीकरणाच्या शिडीची वरची पायरीच काढून घेतली, तर त्या पायरीवरील प्रत्येक कलाकृती आपोआप बंदीच्या खाईत पडते. ऑस्ट्रेलियात जवळजवळ वीस वर्षे हेच घडत होते. त्यातून मुलांचे संरक्षण किती झाले, हा या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे.

१९९३ : दोन देश, दोन वाटा

या इतिहासाचा आरंभ १९९३ या वर्षी झाला. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या मारामारीच्या खेळात पराभूत प्रतिस्पर्ध्याचे मुंडके उडविण्याची सोय होती. ‘नाइट ट्रॅप’ या दुसऱ्या खेळात खऱ्या अभिनेत्रींचे चित्रीकरण वापरलेले होते आणि घरात शिरलेल्या हल्लेखोरांपासून तरुणींना वाचविणे हे खेळाडूचे काम होते. या दोन खेळांवरून अमेरिकेत मोठा गदारोळ झाला. डिसेंबर १९९३ मध्ये सिनेटर जोसेफ लीबरमन आणि हर्ब कोल यांच्या पुढाकाराने सिनेटमध्ये सुनावणी झाली. उद्योगाने स्वतःहून व्यवस्था उभारली नाही तर सरकार कायदा करील, असा इशारा तेथे देण्यात आला. तो इशारा ओळखून खेळ बनविणाऱ्या कंपन्यांनी १९९४ मध्ये ‘एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर रेटिंग बोर्ड’ ही खासगी संस्था स्थापन केली. खेळाच्या वेष्टनावर वयोगटाचे अक्षर छापण्याचे काम ती आजही करते. तिच्या निर्णयामागे कायद्याची सक्ती नाही.

ऑस्ट्रेलियाने दुसरी वाट धरली. तेथील सिनेटच्या एका समितीने १९९३ मध्ये या विषयाचा अहवाल दिला. चित्रपटाचा प्रेक्षक हिंसा पाहतो, तर खेळाडू ती स्वतः घडवितो. म्हणून खेळांचे निकष चित्रपटांपेक्षा कडक असावेत, असे या समितीचे मत होते. त्या आधारावर १९९४ मध्ये खेळांचे सरकारी वर्गीकरण सुरू झाले. खेळांसाठी सर्वांत वरची श्रेणी ‘एमए १५+’ ही ठेवण्यात आली. पंधरा वर्षांखालील मुलांना असा खेळ पालकांशिवाय विकत घेता येत नाही. त्यापलीकडचे जे काही असेल त्याला प्रमाणपत्रच मिळणार नव्हते.

यंत्रणेची रचना

१९९५ चा वर्गीकरण कायदा जानेवारी १९९६ पासून अमलात आला. पुस्तके-नियतकालिके, चित्रपट आणि संगणकीय खेळ असे तिन्ही प्रकार त्यात येतात. ही व्यवस्था संघराज्याच्या भागीदारीतून उभी आहे. वर्गीकरण मंडळ केंद्राचे असते, तर विक्री आणि प्रदर्शनाचे नियम राज्ये आपापल्या कायद्यांनी लागू करतात. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध स्वतंत्र पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. ती खेळाच्या प्रकाशकाला मागता येते, तशीच केंद्रीय मंत्र्यालाही मागता येते.

परीक्षणाचे घटक सहा आहेत : कथाविषय, हिंसा, लैंगिकता, भाषा, अमली पदार्थांचा वापर आणि नग्नता. या सहांची तीव्रता आणि संदर्भ पाहून श्रेणी ठरते. ‘जी’, ‘पीजी’ आणि ‘एम’ या श्रेणी सल्ल्याच्या स्वरूपाच्या आहेत. ‘एमए १५+’ आणि ‘आर १८+’ या श्रेणींमागे कायद्याचे बंधन आहे. एखाद्या खेळाला ‘वर्गीकरण नाकारले’ असा शेरा मिळाला, तर तो विकता, भाड्याने देता वा त्याची जाहिरात करता येत नाही. परदेशातून तो मागविला, तर सीमाशुल्क खाते जप्त करू शकते. म्हणजे नावाने हे ‘वर्गीकरण नाकारणे’ असले तरी अर्थाने ती बंदीच असते.

या व्यवस्थेच्या राष्ट्रीय संहितेत सुरुवातीलाच एक तत्त्व नोंदविलेले आहे. प्रौढांना हवे ते वाचण्याची, ऐकण्याची आणि पाहण्याची मोकळीक असावी, असा त्याचा आशय आहे. अल्पवयीनांना अपायकारक गोष्टींपासून संरक्षण मिळावे, हे त्यानंतरचे तत्त्व. चित्रपटांबाबत ही दोन्ही तत्त्वे एकत्र नांदत होती. खेळांबाबत पहिल्या तत्त्वाला जागाच ठेवलेली नव्हती.

गाळलेल्या पायरीचे परिणाम

प्रौढांची श्रेणी नसल्याने मंडळापुढे प्रत्येक कठीण खेळाबाबत दोनच पर्याय उरत : तो पंधरा वर्षांच्या मुलासाठी योग्य ठरविणे किंवा साऱ्या देशासाठी अयोग्य ठरविणे. १९९५ मध्ये ‘फँटॅझमॅगोरिया’ हा भयकथेवरील खेळ त्यातील बलात्काराच्या दृश्यामुळे नाकारला गेला. २००१ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ दुकानांत आला आणि थोड्याच आठवड्यांत परत बोलावण्यात आला. वेश्याव्यवसायाशी संबंधित भाग काढल्यावर त्याच्या सुधारित आवृत्तीला ‘एमए १५+’ मिळाले.

२००४ मधील ‘मॅनहंट’चे प्रकरण अधिक बोलके आहे. या अतिहिंसक खेळाला मंडळाने आधी ‘एमए १५+’ दिले आणि तो बरेच महिने उघडपणे विकला गेला. नंतर केंद्रीय अ‍ॅटर्नी जनरल फिलिप रडॉक यांच्या मागणीवरून पुनर्विलोकन झाले आणि सप्टेंबर २००४ मध्ये त्याच खेळावर बंदी आली. जो खेळ कालपर्यंत पंधरा वर्षांच्या मुलाला चालत होता, तो आज पन्नाशीच्या गृहस्थालाही वर्ज्य ठरला. मधली पायरी नसली की निर्णयाला असे टोकाचे हेलकावे बसतात. २००६ मध्ये ‘गेटिंग अप’ हा भिंती रंगविणाऱ्या तरुणाच्या कथेवरील खेळ बंद झाला. त्याचे कारण हिंसा किंवा लैंगिकता हे नव्हते. भिंती विद्रूप करण्याच्या गुन्ह्याला तो उत्तेजन देतो, असा पुनर्विलोकन मंडळाचा निष्कर्ष होता.

२००८ मधील ‘फॉलआउट ३’ या खेळाने तर ऑस्ट्रेलियातील नियमाचा प्रभाव जगभर पोहोचविला. अणुयुद्धानंतरच्या उजाड अमेरिकेत घडणाऱ्या या खेळात जखमी नायक वेदना शमविण्यासाठी मॉर्फिन घेऊ शकत असे. खऱ्या अमली पदार्थाचे नाव आणि त्याच्या वापराने मिळणारा लाभ, हे दोन्ही एकत्र आल्याने मंडळाने वर्गीकरण नाकारले. प्रकाशकाने त्या औषधाचे नाव बदलून ‘मेड-एक्स’ असे काल्पनिक नाव ठेवले आणि खेळाला ‘एमए १५+’ मिळाले. हा बदल जगातील सर्व आवृत्त्यांत करण्यात आला. औषधाचा परिणाम तोच होता, चित्रण जवळजवळ तेच होते. बदलले ते नाव.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, ‘लेफ्ट ४ डेड २’ या खेळाला नकार मिळाला. रक्तपात आणि छिन्नविच्छिन्न देह कमी केल्यावर त्याची सौम्य आवृत्ती ऑस्ट्रेलियात आली. त्याच वर्षअखेरीस ‘एलियन्स व्हर्सेस प्रिडेटर’ हा खेळ आधी नाकारला गेला आणि पुनर्विलोकनात एकही दृश्य न कापता ‘एमए १५+’ ठरला.

कुंपण कोणत्या बाजूला?

या बंदींची चर्चा वृत्तपत्रांतून होत असे. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मात्र शांतपणे घडत होती. प्रत्येक प्रौढ खेळावर बंदी घालणे मंडळाला शक्य नव्हते आणि कोणाला ते रुचलेही नसते. म्हणून इतरत्र प्रौढांसाठी राखलेले अनेक खेळ ऑस्ट्रेलियात पंधरा वर्षांच्या श्रेणीत येऊन बसले. ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ या २००९ मधील खेळात विमानतळावरील निःशस्त्र नागरिकांवर गोळीबार करण्याचा प्रसंग आहे. ब्रिटनमध्ये या खेळाला १८ वर्षांचे प्रमाणपत्र होते, ऑस्ट्रेलियात १५ वर्षांचे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’, ‘फॉलआउट ३’ आणि ‘एलियन्स व्हर्सेस प्रिडेटर’ यांचीही तीच कथा.

थोडक्यात, मुलांच्या रक्षणासाठी घातलेले कुंपण मुलांच्याच अंगणातून गेले. प्रौढांचा कप्पा नसल्यामुळे प्रौढांचा माल मुलांच्या कप्प्यात ठेवला जाऊ लागला. वेष्टनावरील ‘१५’ हा आकडा पाहून पालक निर्धास्त होत. आत काय आहे, याची योग्य सूचना देण्याचे साधनच कायद्याने मंडळाच्या हाती ठेवले नव्हते. प्रौढांच्या श्रेणीची मागणी करणाऱ्यांमध्ये खेळाडू होते, तसेच बालहिताचा विचार करणारे नागरिकही होते, याचे कारण हेच.

दुसरीकडे खेळाडूंचे वय वाढत होते. बाँड विद्यापीठाने केलेल्या आणि २००९ या वर्षाचे नाव असलेल्या पाहणीनुसार ऑस्ट्रेलियन खेळाडूचे सरासरी वय ३० वर्षे होते. कायदा मात्र १९९३ मधील मुलाकडे पाहून लिहिलेला होता.

एका मताचा नकाराधिकार

ही त्रुटी दूर करणे सोपे नव्हते. वर्गीकरण संहितेत बदल करायचा तर केंद्र, सर्व राज्ये आणि प्रदेश यांच्या संबंधित मंत्र्यांची एकमताने संमती लागत असे. एका राज्याच्या मंत्र्याने नकार दिला तरी विषय तेथेच थांबे. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे अ‍ॅटर्नी जनरल मायकेल अ‍ॅटकिन्सन यांनी तो नकार अनेक वर्षे टिकविला.

त्यांचे म्हणणे सरसकट धुडकावून लावण्यासारखे नव्हते. खेळात खेळाडू स्वतः कृती करतो, तीच कृती पुनःपुन्हा करतो आणि तिचे बक्षीसही मिळवितो. त्यामुळे त्याचा परिणाम चित्रपटाहून वेगळा असू शकतो, असा त्यांचा एक मुद्दा होता. दुकानात वय तपासले तरी घरात एकदा आलेला खेळ मुलांच्या हाती पडणारच, हा दुसरा. यातील दुसरा मुद्दा प्रत्येक पालकाला पटण्यासारखा आहे. परंतु तोच मुद्दा प्रौढांच्या चित्रपटाच्या डीव्हीडीलाही लागू होता आणि त्या डीव्हीडी ऑस्ट्रेलियात रीतसर विकल्या जात होत्या. शिवाय इंटरनेटवरून खेळ मागविणे सोपे होत गेले, तशी बंदीची धारही बोथट होत गेली.

मार्च २०१० मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात निवडणूक झाली. अ‍ॅटकिन्सन यांच्या क्रॉयडन मतदारसंघात ‘गेमर्स फॉर क्रॉयडन’ हा पक्ष याच प्रश्नावर त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. या पक्षाला मते थोडीच मिळाली आणि अ‍ॅटकिन्सन सहज निवडून आले. परंतु निवडणुकीनंतर त्यांनी अ‍ॅटर्नी जनरलपद सोडले. दरम्यान केंद्र सरकारने डिसेंबर २००९ ते फेब्रुवारी २०१० या काळात जनतेची मते मागविली होती. ५८ हजारांहून अधिक निवेदने आली आणि त्यांतील सुमारे ९८ टक्के प्रौढांच्या श्रेणीच्या बाजूने होती. त्यात विक्रेत्यांनी आणि खेळाडूंच्या गटांनी मोहीम चालवून पाठविलेल्या निवेदनांचा वाटा मोठा होता, त्यामुळे तो आकडा म्हणजे सार्वमत नव्हे. तरीही लोकांना या प्रश्नाचे सोयरसुतक नाही, असे म्हणण्याची सोय मात्र त्यानंतर राहिली नाही.

जुलै २०११ मध्ये मंत्र्यांच्या बैठकीत तत्त्वतः मान्यता मिळाली. न्यू साउथ वेल्सने मतदानात भाग घेतला नाही, पण विरोधही केला नाही. जून २०१२ मध्ये संसदेने दुरुस्ती संमत केली आणि १ जानेवारी २०१३ पासून ‘आर १८+’ ही श्रेणी खेळांना लागू झाली. त्याच महिन्यात ‘निन्जा गायडेन सिग्मा २ प्लस’ हा ती मिळविणारा पहिला खेळ ठरला. पूर्वी नाकारलेला २०११ चा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ २०१३ मध्ये, तर ‘लेफ्ट ४ डेड २’ची मूळ आवृत्ती २०१४ मध्ये प्रौढांच्या श्रेणीत रुजू झाली. खेळ तेच होते, फक्त त्यांना ठेवायला जागा मिळाली.

कप्पा आला, कात्री राहिली

नवी श्रेणी आल्यावर बंदीचा प्रश्न संपेल, ही अपेक्षा काही महिन्यांतच फोल ठरली. जून २०१३ मध्ये ‘सेंट्स रो ४’ आणि ‘स्टेट ऑफ डिके’ हे दोन खेळ नाकारले गेले. पहिल्यात लैंगिक हिंसा आणि अमली पदार्थ, दुसऱ्यात अमली पदार्थ हे कारण होते. दोन्ही खेळ काटछाट करून बाजारात आले. २०१४ मधील ‘साउथ पार्क : द स्टिक ऑफ ट्रुथ’ या खेळाच्या निर्मात्यांनी वगळलेल्या दृश्यांच्या जागी रडणाऱ्या कोआलाचे चित्र टाकून मंडळाला चिमटा काढला. जानेवारी २०१५ मध्ये ‘हॉटलाइन मायामी २’ला सूचित लैंगिक हिंसेच्या प्रसंगावरून नकार मिळाला.

वारंवार अडथळा ठरला तो अमली पदार्थांचा नियम. अमली पदार्थ घेतल्यावर खेळाडूला शक्ती, आरोग्य वा गुण असा लाभ होत असेल, तर प्रौढांच्या श्रेणीतही तो खेळ बसत नाही. चित्रपटांना असा नियम नाही, कारण चित्रपटात प्रेक्षकाला बक्षीस मिळत नसते. नियमामागील हेतू समजण्यासारखा आहे. पण तो यांत्रिकपणे लावला की अर्थाचा अनर्थ होतो. ‘वी हॅपी फ्यू’ या खेळात एक जुलमी राजवट नागरिकांना आनंदी ठेवण्यासाठी गोळ्या घ्यायला भाग पाडते आणि त्या गुंगीविरुद्धचे बंड हाच त्याचा विषय आहे. मे २०१८ मध्ये त्याला अमली पदार्थांमुळे नकार मिळाला. जुलैमध्ये पुनर्विलोकन मंडळाने तो फिरवून ‘आर १८+’ दिले.

२०१९ मध्ये ‘डे-झी’ या खेळाच्या निर्मात्यांनी गांजाचा संदर्भ जगभरातील आवृत्तीतूनच काढून टाकला. २०२१ मध्ये ‘डिस्को एलिझियम’ या व्यसनाधीन गुप्तहेराच्या कथेची नवी आवृत्ती मार्च महिन्यात नाकारली गेली. मे महिन्यात पुनर्विलोकन मंडळाने तिला ‘आर १८+’ दिले. व्यसनाचे दुष्परिणाम खेळ स्वतःच दाखवितो आणि त्यापासून खेळाडूला परावृत्त करतो, हे मंडळाला ग्राह्य वाटले. अपिलाची सोय असली की चूक दुरुस्त होऊ शकते, हे या निर्णयांनी दाखविले. मात्र त्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा लहान निर्मात्याकडे असेलच, असे नाही.

मोबाइलच्या युगातील पूर

मंडळाची रचना दुकानातील खोक्यांच्या काळात झाली होती. मोबाइलवरील खेळांची संख्या इतकी प्रचंड आहे, की प्रत्येक खेळ माणसांनी तपासणे अशक्य. म्हणून २०१५ पासून ऑस्ट्रेलियाने अनेक देशांच्या संस्थांनी मिळून उभारलेली ‘आंतरराष्ट्रीय वयोगट आघाडी’ची पद्धत स्वीकारली. निर्माता संगणकीय प्रश्नावली भरतो आणि प्रत्येक देशाच्या निकषांनुसार श्रेणी आपोआप ठरते. मंडळाला ती बदलण्याचा अधिकार आहे. या पद्धतीने पहिल्या काही महिन्यांतच दोनशेहून अधिक खेळांना ऑस्ट्रेलियात नकार मिळाला. त्यांत बहुतांश अनोळखी, किरकोळ मोबाइल खेळ होते. पूर्वीच्या एकेका बंदीवर जाहीर वाद होत असे; हे नकार कोणाच्या फारसे लक्षातही आले नाहीत.

इतर देशांचे मार्ग

अमेरिकेत सरकारने हस्तक्षेपाचा प्रयत्न केलाच नाही, असे नाही. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये अल्पवयीनांना अतिहिंसक खेळ विकण्यास मनाई करणारा कायदा केला. २७ जून २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ७ विरुद्ध २ मतांनी रद्द ठरविला. पुस्तके आणि नाटकांप्रमाणे व्हिडिओ गेम हीदेखील अभिव्यक्ती आहे आणि तिला घटनेचे संरक्षण आहे, असे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिलेल्या निकालपत्राचे सार आहे. खेळांमुळे मुले हिंसक होतात हे सरकारने मांडलेल्या अभ्यासांतून सिद्ध होत नाही, असेही न्यायालयाने नमूद केले. तरीही अमेरिकेत कात्री नाही, असे म्हणता येत नाही. ‘केवळ प्रौढांसाठी’ ही श्रेणी मिळालेला खेळ प्रमुख कंपन्या आपल्या यंत्रांवर चालू देत नाहीत. २००७ मध्ये ‘मॅनहंट २’ याच कारणाने सौम्य करावा लागला.

जर्मनीत उद्योगाची तपासणी संस्था आणि राज्यांचे प्रतिनिधी मिळून श्रेणी ठरवितात, आणि २००३ पासून या श्रेणींना कायद्याचे बळ आहे. तेथील संवेदनशील विषय वेगळा : नाझी चिन्हे. स्वस्तिकाच्या वापरामुळे ‘वुल्फनस्टाइन’ मालिकेतील खेळांवर दीर्घकाळ बंधने होती. २०१७ मधील या मालिकेतील खेळाच्या जर्मन आवृत्तीत हिटलरची मिशीही काढून टाकण्यात आली. चित्रपटांना अशी चिन्हे कलात्मक संदर्भात वापरता येत असत. ऑगस्ट २०१८ पासून हाच न्याय प्रत्येक खेळाचा स्वतंत्र विचार करून खेळांनाही लावला जातो. युरोपातील बहुतेक देश २००३ मध्ये सुरू झालेली ३, ७, १२, १६ आणि १८ अशी पाच वयांची सामाईक पद्धत वापरतात. ब्रिटनने २०१२ मध्ये तिला कायद्याचे अधिष्ठान दिले.

नवे धोके, नवे परीक्षक

हिंसा आणि लैंगिकतेच्या जुन्या वादात एक प्रश्न मागे पडला होता : खेळातील पैशांचा. आत काय निघेल हे ठाऊक नसलेली पेटी पैसे देऊन उघडायची, ही क्लृप्ती अनेक खेळांत रुळली आहे. ऑस्ट्रेलियाने २२ सप्टेंबर २०२४ पासून अशा पेट्या असलेल्या नव्या खेळांना किमान ‘एम’ आणि जुगाराची नक्कल करणाऱ्या नव्या खेळांना किमान ‘आर १८+’ श्रेणी सक्तीची केली. प्रौढांची श्रेणी अस्तित्वात नसती तर हा नियम करताच आला नसता, किंवा त्याचा अर्थ थेट बंदी असा झाला असता.

कात्री धरणारे हातही बदलत आहेत. डिसेंबर २०१४ मध्ये टार्गेट आणि केमार्ट या ऑस्ट्रेलियातील दुकानसाखळ्यांनी ग्राहकांच्या याचिकेनंतर ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ची विक्री थांबविली. खेळाला सरकारचे ‘आर १८+’ प्रमाणपत्र होते, तरीही. जुलै २०२५ मध्ये ‘कलेक्टिव्ह शाउट’ या ऑस्ट्रेलियन संघटनेने कार्ड कंपन्यांवर दबाव आणण्याची मोहीम चालविली. त्यानंतर ‘स्टीम’ने काही प्रौढ खेळ हटविले, तर ‘इच’ या विक्रीस्थळाने आपल्याकडील प्रौढ खेळ शोधयादीतून काढले. सरकारी मंडळाला निदान कारण द्यावे लागते आणि त्यावर अपील करता येते. पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्या कंपनीच्या निर्णयावर तशी दाद मागण्याची जागा नाही.

भारतातील चित्र

भारतात १९५२ च्या कायद्यानुसार चित्रपटांना प्रमाणपत्र लागते. २०२१ च्या नियमांनी इंटरनेटवरील मालिका-चित्रपटांसाठी ७+, १३+ आणि १६+ असे वयोगटही आणले. व्हिडिओ गेमच्या आशयासाठी मात्र असे वैधानिक मंडळ उभे राहिले नाही. मोबाइलवर दिसणारे वयाचे आकडे हे ते खेळ पुरविणाऱ्या कंपन्यांच्या पद्धतीचे असतात.

त्यामुळे प्रश्न उद्भवला की भारतीय प्रशासनाच्या हाती थेट बंदीचेच हत्यार येते. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी ‘पबजी’ खेळण्यावर मनाई केली आणि काही तरुणांना अटकही केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने या खेळाविरुद्ध जनहित याचिका दाखल झाली. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने ‘पबजी मोबाइल’वर बंदी आणली, पण तिचे कारण देशाची सुरक्षितता आणि सार्वभौमत्व हे होते, मुलांचे वय नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. खेळातील हिंसा, भाषा किंवा कथाविषय दहा वर्षांच्या मुलाला योग्य आहे का, हा पालकांचा रोजचा प्रश्न त्याने सुटत नाही.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव अशा देशासाठी उपयोगी आहे. तेथे नेमके काय चुकले, हे आता दोन दशकांच्या नोंदींतून स्पष्ट दिसते. मुलांची काळजी घेण्यात चूक नव्हती. खेळणारे सगळेच मुले आहेत, या गृहीतकात चूक होती. त्या गृहीतकामुळे प्रौढांचे खेळ काही वेळा बंद झाले आणि बहुतेक वेळा मुलांच्या श्रेणीत उतरले. उद्या भारतात अशी व्यवस्था आकाराला आली, तर तिच्यात प्रौढांची श्रेणी पहिल्या दिवसापासून हवी, नाकारण्याची कारणे लेखी आणि जाहीर हवीत आणि लहान निर्मात्यालाही परवडेल असे अपील हवे. वेष्टनावरील आकडा खरा असेल, तरच तो पाहून घेतलेल्या पालकाच्या निर्णयाला अर्थ राहील.